सुतकातली तोडणी

बाई, तुम्ही गेलात याची निशिगंधाला खबर नाही. सकाळी उठून बांधावर गेले तर दांड्या कालच्यापेक्षा वरपर्यंत उमललेल्या. खालची दोन फुलं उघडली की दांडी तोडायची, हे तुम्हीच मला शिकवलंत. त्या हिशेबानं अर्ध्या मळ्याची वेळ निघून गेली आहे. मी थोडा वेळ उभी राहिले, घरात आले, चहाचं आधण ठेवलं, ते तसंच सोडून पुन्हा बांधावर गेले. कुठं चाललीस म्हणून कुणी विचारलं नाही. विचारणाऱ्या तुम्हीच होतात.

सुतक चालू आहे, दहावा व्हायचाय. माणसं येतात, बसतात, उठून जातात. बायका माझ्या गळ्यात पडून रडतात आणि डोळे पुसता पुसता मळ्याकडं बघतात. "काय फुललाय गं," म्हणतात आणि मग जीभ चावतात. श्रावण आहे. जालन्याच्या बाजारात फूल मिळेना झालंय आणि आपला मळा पांढराशुभ्र होऊन उभा आहे. ह्या घरात कुणालाही त्याच्याकडं सरळ बघवत नाही.

मला लिहायची सवय नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण लग्न होऊन तुमची धाकटी जाऊ म्हणून ह्या घरात आल्यापासून तुमच्याशी वाद घातल्याशिवाय मी एकही गोष्ट ठरवलेली नाही. साडी घ्यायची तरी आधी तुमच्याशी भांडायचं आणि मग तुम्ही म्हणाल त्याच रंगाची घ्यायची. आता वाद घालायला तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. प्रश्न एवढाच आहे, फुलं तोडायची का नाही? उत्तर द्यायला मला फार दिवस नाहीत. दांडी कुणासाठी थांबत नाही.

तुम्ही तोडणी करता करताच गेलात. मी दोन ओळी पलीकडं होते आणि आपलं नेहमीचं चाललं होतं. मी म्हणत होते, आता रेल्वेची मोठी लाईन झाली, रात्रीतून माल हैद्राबादला जातो, आपण किती दिवस जालन्याच्या एका दुकानावर जगायचं? तुम्ही म्हणालात, "अन् हमीदभाईला काय सांगायचं?" मी म्हणाले, हमीदभाई काय आपला सोयरा आहे का? तुमच्याकडून उत्तर आलं नाही. मला वाटलं रुसलात. तुम्ही रुसलात की बोलत नव्हता, नुसता विळ्याचा आवाज यायचा. त्या दिवशी विळ्याचाही आवाज आला नाही, तेव्हा मी मान वर केली.

आपल्या करंड्या नेणाऱ्याच जीपमधून तुम्हाला मंठ्याला नेलं. भरलेल्या जुड्या खाली काढायचंही कुणाला सुचलं नाही. तुमचं डोकं माझ्या मांडीवर आणि पायाशी ओल्या गोणपाटात गुंडाळलेली त्या दिवशीची फुलं. दवाखान्यात सांगितलं, हृदय बंद पडलं. त्या जुड्या जीपमध्येच सुकल्या. तुम्ही असतात तर आधी त्यांच्यावर पाणी मारायला लावलं असतं आणि मग डॉक्टरला हात लावू दिला असता. हे मी थट्टेनं लिहितेय.

माझं लग्न झालं तेव्हा तुम्हाला विहिरीजवळच्या तुकड्यात निशिगंध लावून दोन-तीन वर्षं झाली होती. कुंभार पिंपळगावाकडच्या तुमच्या माहेराहून तुम्ही कंदांचं गाठोडं आणलं होतं. लोकांच्या सुना माहेराहून लोणची-पापड आणतात. आबा, म्हणजे आपले सासरे, त्या गाठोड्यातला एक कंद हातात घेऊन म्हणाले होते म्हणे, "हे खात्यात का?" तुम्ही म्हणालात, "न्हाई आबा, हे इकत्यात." आबांना ते पटलं नाही, पण विहिरीजवळचा तुकडा मात्र मिळाला, कारण तिथं कापूस धरत नव्हता.

आधी तुम्ही सुटी फुलं टोपलीत घेऊन मंठ्याच्या बाजारात बसत होता. तिथंच हमीदभाई भेटले. जालन्यात त्यांचं फुलांचं दुकान, आणि हार ओवायला सुटी फुलं घ्यायला ते बाजारोबाजार फिरायचे. ते तुम्हाला म्हणाले, "बाई, फूल नका तोडू. दांडी तोडा. शहरात आता दांडीला किंमत आहे." तुम्ही घरी येऊन मला सांगितलंत, "देवाला नुसतं फूल पुरतं मंदे, सायबाला मात्र दांडीसकट लागतं." तेव्हापासून आपल्या जुड्या जालन्याला जायला लागल्या. कुणाचा सत्कार असो, लग्नाचं स्टेज असो, नव्या दुकानाचं उद्घाटन असो, त्यात आपला निशिगंध असायचा. श्रावण आणि गणपतीत मात्र साहेब मागं पडायचा आणि दांडीसुद्धा देवाकडंच जायची. हमीदभाईंच्या दुकानात पाणी भरलेले पत्र्याचे डबे ओळीनं मांडलेले असतात, ज्याच्या त्याच्या मालाचा डबा वेगळा. दारातून आत शिरलं की उजवीकडचा पहिला डबा आपला. ती जागा तुम्ही मिळवलेली.

आणि आता ते आबांच्या सुतकातलं. आबा गेले तेही गणपतीच्या तोंडावर. मळा भरात होता. सावडून आल्यावर तुम्ही पदर खोचला आणि विळा घेतला. आत्याबाई, आबांच्या बहीण, ओट्यावरून म्हणाल्या, "म्हाताऱ्याची राख निवली न्हाई अन् सून फुलं इकाया निघाली." तुम्ही म्हणालात, "आत्याबाई, मी रडून राह्यले. पर हात मोकळे हायेत ना माझे." मी तेव्हा तुमच्याकडं बघतच राहिले. मला वाटलं, ही बाई कुणाला भीत नाही.

मग जुड्या बांधून झाल्या. केळीच्या पानांनी करंड्या झाकल्या आणि तुम्ही अंगणातल्या कडुलिंबाच्या डहाळ्या मोडून आणल्यात. मसणवट्यातून आल्यावर आपण ज्या झाडाचा पाला तोंडात धरला होता, तोच लिंब. एकेका करंडीच्या तोंडाशी एकेक डहाळी खोचली. जीपवाल्याजवळ हमीदभाईंना निरोप दिला, की ज्या करंडीला लिंब असंल ती सुतकाच्या घरची, तिच्यातलं फूल देवाला देऊ नका. मला तर वेडच लागायची वेळ आली. ऐन गणपतीत आपला माल बाजूला काढून ठेवायचा, आणि तोही आपण होऊन सांगून?

"बाजारात फुलाला कुणी इचारतं का, कोणाच्या घरून आलं म्हणून?" मी म्हणाले.

"कुणी इचारत न्हाई म्हणूनच सांगाया लागतं."

"फुलाला कुठलं आलंय सुतक?"

"फुलाला न्हाई लागत मंदे. हाताला लागतं."

"मंग हात धुवा चांगले साबण लावून."

तुम्ही हसलात, पण डहाळी काढली नाहीत. तुमच्या मते सुतकात घर थांबू नये आणि देवाला फसवूही नये, दोन्ही जमलं पाहिजे. माझं म्हणणं, देवाला सगळं कळतं तर त्याला डहाळीची गरज काय, आणि कळत नसेल तर फसवलं कुठं? हा वाद आपण त्यानंतर कितीदा घातला! मिरच्या निवडताना, कंद उकरताना, एसटीची वाट बघताना. ना तुम्ही हटलात ना मी.

हमीदभाईंनी मात्र तुमचा निरोप डोळ्यांवर ठेवला. त्या करंड्या त्यांनी हारवाल्यांना दाखवल्याही नाहीत. काही फुलं एका पुढाऱ्याच्या स्वागताला गेली, काही त्यांच्याच लोकांनी कबरींवर घालायला नेली. भाव निम्म्यावर आला. पण पुढं काय झालं, की जालन्यातले हारवाले हमीदभाईंना सांगायला लागले, आम्हाला त्या लिंबवाल्या बाईंचा माल द्या, त्यांचं फूल चोख असतं. मी तुम्हाला ते ऐकवलं नव्हतं. तुम्ही डोक्यावर बसला असतात.

आणि त्यावरून भाऊजींनी जो घोळ घातला तो आठवला की आजही, ह्या घरात, ह्या दिवसांत, मला हसू फुटतं आणि मी तोंडावर पदर धरते. तुमच्या नवऱ्याला फुलांचं काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना कापूस, ज्वारी आणि बैल. पण पुढं एका उन्हाळ्यात केळीची पानं करपून गेली होती, तुम्ही न्हायला गेला होतात, मी जुड्या मोजत होते, आणि भाऊजींना अचानक कामाची हौस आली. करंड्या उघड्या कशाला ठेवायच्या, थंडावा पाहिजे म्हणून त्यांनी लिंबाच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या आणि सगळ्या करंड्या गच्च झाकून जीपमध्ये चढवल्या. मी बाहेर आले तोवर जीप फाट्याला लागली होती.

दुपारच्या एसटीनं हमीदभाई आले. एकटे नाही, बायकोला घेऊन. फाट्यापासून चालत, उन्हातान्हात, त्या माउलीचे डोळे रडून सुजलेले. तुम्ही दारात बसून कंद साफ करत होता. हमीदभाई अंगणात येऊन थबकले.

"बाई," ते म्हणाले, "तुमी हायेत?"

"मंग कुठं जाऊ?"

त्यांनी तिथंच खाली बसून घेतलं. मग हळूहळू सगळा उलगडा झाला. एका करंडीला एक डहाळी हा आपला रिवाज. इथं तर आख्खा पाला. त्यांना वाटलं, घरातलं सगळ्यात मोठं माणूस गेलं असणार, आणि ह्या घरातलं मोठं माणूस म्हणजे त्यांच्या लेखी तुम्ही. भाऊजी खांबाआड उभे होते. हमीदभाई त्यांना म्हणाले, "भाऊ, एक डहाळी म्हंजे एक मयत. तुमी तर पुरं गावच मारून टाकलं." त्यांची बायको रडत होती तीच हसायला लागली, आणि तुम्ही तर पोट धरून हसलात. पिठलं-भाकर खाऊन ते दोघं संध्याकाळच्या गाडीनं गेले. जाताना तुम्ही त्यांना म्हणालात, "मी मेल्यावर तुमी येणार, येवढं तर पक्कं झालं." भाऊजींना तुम्ही पुढचे कित्येक दिवस लिंबाला हात लावू दिला नाहीत.

हसून झालं. आता दुसरं लिहायचंय ते लिहवत नाही, पण त्याच्याशिवाय माझा प्रश्न तुम्हाला कळायचा नाही.

माझी मुलगी. तिला दात यायचे होते. तिचं नाव तुम्हीच ठेवलं होतं, ते मी इथं लिहीत नाही. तापानं गेली. एवढ्या लहान लेकराचं सुतक अंघोळीपुरतं असतं, अंघोळ केली की फिटलं, असं सगळे म्हणतात. माझं काय फिटायचं होतं? मी आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असायची. कोण आलं, कोण गेलं, मला काही कळत नव्हतं. तुम्ही सकाळ-संध्याकाळ येऊन माझ्या तोंडात चार घास घालायचात आणि ताट उचलून न्यायचात.

एका सकाळी वासानं मला जाग आली. आपल्याला निशिगंधाच्या वासाची एवढी सवय, की गावातले लोक विचारायचे तेव्हा आठवायचं, हो, वास येत असेल. पण त्या दिवशीचा वास वेगळाच होता, खोलीत मावत नव्हता. मी उठले. किती दिवसांनी उठले मला माहीत नाही. खिडकीतून मळा दिसला आणि मला आधी कळलंच नाही की हे काय आहे. सगळ्या दांड्या खालपासून वरच्या टोकापर्यंत उमललेल्या. बाई, इतकी वर्षं आपण निशिगंध लावला, पण पूर्ण उमललेली दांडी मी तोवर बघितलीच नव्हती. आपण दोन फुलं उघडली की कापतो. बाकीची फुलं कुणाच्या तरी दिवाणखान्यात, कुणाच्या तरी स्टेजवर उघडतात. लावणारीला ती दिसत नाहीत.

तुम्ही बांधावर बसला होतात, रिकाम्या हातानं. मी पहिल्यांदा बाहेर आले, तुमच्याशेजारी जाऊन बसले.

"तोडली काहून न्हाई?"

"कंटाळा आल्ता."

तुम्हाला कंटाळा! ताप अंगात असताना करंड्या भरणारी बाई तुम्ही. नंतर मला कळलं, हमीदभाईंनी निरोपावर निरोप पाठवले होते, आणि तुम्ही त्यांना कळवलं होतं की मळ्यावर रोग पडलाय. आबांच्या वेळी आख्ख्या बाजाराला खरं सांगायला निघालेल्या तुम्ही, माझ्या मुलीसाठी चक्क खोटं बोललात. डहाळी लावून माल पाठवला असता तर हमीदभाईंनी विचारलं असतं, कोण गेलं? आणि ते तुम्हाला कुणाला सांगायचंच नव्हतं. असं मला वाटतं. मी तुम्हाला विचारलं कधीच नाही. त्या दिवशी बांधावर बसून मी पोटभर रडले, आणि दुसऱ्या दिवसापासून भाकरी थापायला लागले. तुमचे उपकार झाले, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. जावा जावांत असलं कोण बोलतं? दर वर्षी मनात यायचं, आणि दर वर्षी त्याऐवजी मी तुमच्याशी कशावरून तरी वाद काढायचे.

तर बाई, तुम्ही दोन्ही करून ठेवलंत. आबांच्या वेळी तोडलंत आणि सांगितलंत. माझ्या लेकीच्या वेळी तोडलं नाहीत आणि लपवलंत. आता तुमच्या वेळी मी कोणतं धरू? मोठ्या माणसानं निदान एकाच वाटेनं जावं, म्हणजे मागच्याला बरं पडतं.

परवा हमीदभाई आले. जीपवाल्यानंच त्यांना सांगितलं. थकलेत आता, मुलाचा हात धरून चालतात. बायको मागंच गेली त्यांची. अंगणात दाराकडं तोंड करून बसले. मग म्हणाले, "भाभी, त्या टायमाला मी रडत आल्तो अन् हसत गेल्तो. म्हणलं, आतापन दारात बसल्या असत्याल." मी चहा ठेवायला आत गेले. चहा घेतल्यावर त्यांनी भाऊजींकडं न बघता माझ्याकडं बघून सांगितलं, "बाईंचा डबा मी रिकामा ठिवलाय. जाफराबादकडचे पोरं गुलाब अन् ग्लॅडिओलस घेऊन रोज दारात उभे राहून राह्यलेत. डबा ठेवणं माझ्या हातात आहे. पर गिऱ्हाईक ठेवणं न्हाई. ऐन सीझनमध्ये माल आला न्हाई, तर लोक दुसऱ्या फुलाला लागत्याल. मंग मी काय करू?" घाई करत नव्हते ते. खरं सांगत होते.

भाऊजी त्यावर म्हणाले, "आता कशाला डबा अन् फिबा. करणारी गेली. तेरावा झाला की ट्रॅक्टर घालू. मोसंबी लावू." आमचे हे, तुमचे धाकटे दीर, शाळामास्तर. वर्गात पोरांना ऐकू येतो, घरात त्यांचा आवाज निघत नाही. मला आत बोलावून म्हणाले, "दादाचं मन दुखवू नको." मी म्हणाले, अन् माझं? करणारी गेली म्हणे. दोघी करत होतो. एक गेली. दुसरी समोर उभी आहे ती कुणाला दिसत नाही, याचा मला त्या दिवशी इतका संताप आला की मी तुमच्या फोटोपुढच्या समईत तेल घालायचं विसरून मळ्यात निघून गेले.

मळा गेला तर काय जाईल, हे भाऊजींना कसं सांगू? ह्या घरात मला स्वतःचं म्हणून जे काही आहे ते त्या विहिरीजवळच्या तुकड्यात आहे. तिथं तुम्ही मला हसवलंत, तिथं मला रागावलात, तिथं मी लेक गेल्यावर पहिल्यांदा श्वास घेतला. मोसंबीच्या झाडाखाली मी कुणाशी भांडू? आणि तरीही विळा हातात घेतला की वाटायचं, नको. माझ्या लेकीसाठी तुम्ही पूर्ण मळा फुलू दिलात, आणि तुमच्यासाठी मी एवढंही करू नये? बायका म्हणतील, जाऊ गेली आणि हिनं दुकान मांडलं. म्हणोत. बायकांची मला भीती नव्हतीच. मला तुमची भीती होती.

इथवर लिहून ठेवलं होतं, त्याला दोन दिवस झाले. काल तिसऱ्या प्रहरी मी पुन्हा बांधावर जाऊन बसले, तुम्ही बसला होतात तिथं. रिकाम्या हातानं. मला जमेना. तुम्हाला त्या वेळी बसता आलं, कारण तुम्ही माझी वाट बघत होतात. आत एक बाई भिंतीकडं तोंड करून पडली होती, ती उठून बाहेर येईपर्यंत तुम्हाला बसायचं होतं. मी कुणाची वाट बघू? आत कोणी नाही. तुम्ही घरात नाही, दारात नाही. मी कितीही बसले तरी तुम्ही बाहेर येऊन माझ्याशेजारी बसणार नाही. हे लक्षात आलं आणि मी उठले.

विळा घेतला. ज्या दांड्या पार वरपर्यंत गेल्या होत्या त्या राहू दिल्या, त्या बाजाराच्या उपयोगाच्या नव्हत्याच. नव्यानं वेळेवर आलेल्या तेवढ्या कापायला लागले. एकटीनं तोडणी करताना किती शांतता असते, मला माहीत नव्हतं. मधेच मी मोठ्यानं म्हणाले, हैद्राबादला पाठवूच आपण. मग स्वतःलाच लाज वाटली.

भाऊजी ओट्यावरून उठून आले. मला वाटलं आता थांबवतील. मी विळा घट्ट धरला, म्हणजे मारामारीच करणार होते की काय. ते बांधावर उभे राहिले, इकडं-तिकडं बघितलं आणि विचारलं, "तिच्या ओळी कोणच्या?"

पंचवीस-तीस वर्षांचा तुमचा संसार, आणि ह्या माणसाला तुमच्या ओळी माहीत नव्हत्या. मी हातानं दाखवल्या. ते तुमच्या ओळीत शिरले. कसं कापायचं ते त्यांना येत नव्हतं, काही दांड्या त्यांनी फारच वरून कापल्या, तुम्ही असतात तर त्यांच्या हातातून विळा काढून घेतला असता. मी माझ्या ओळीत कापत राहिले. ते रडत होते की घाम पुसत होते, तेही मी बघितलं नाही. काम संपल्यावर म्हणाले, "कंद काढायचे तर उन्हाळ्यात काढू. तवर तोड." एवढंच. मोसंबीचं ते सोडून देतील असं नाही. पण ट्रॅक्टर तेराव्यानंतर येणार नाही.

जुड्या बांधल्या, गोणपाट भिजवलं, करंड्या भरल्या. केळीची पानं घातली. जीपवाला बाहेर थांबला होता. आणि मग मी अंगणात जाऊन लिंबाची डहाळी मोडली. एकेका करंडीला एकेक, तुमच्यासारखी. कुणी सांगितलं नव्हतं. श्रावणात देवाचं गिऱ्हाईक सोडून द्यायचं म्हणजे काय, हे मला भाऊजींपेक्षा जास्त कळतं. आज हमीदभाईंचा निरोप आला, माल बाजूला काढला, भाव पडला, पण डबा भरला. पडू दे.

देवाला फसवायचं नाही म्हणून मी ती डहाळी लावलेली नाही, हे तुम्हाला सांगून ठेवते. फुलाला सुतक लागत नाही, हाताला लागत नाही, हेच माझं अजूनही म्हणणं आहे. मी ती लावली कारण ह्या वेळी मला लपवायचंच नव्हतं. जालन्याच्या बाजारात हारवाल्यांनी, हमालांनी, रिक्षावाल्यांनी त्या करंड्या बघाव्यात आणि विचारावं, कोण गेलं? आणि कुणीतरी सांगावं, मंठ्याकडच्या त्या बाई. तुम्ही गेलात हे कुणाला कळल्याशिवाय तुमचं एक फूलही विकलं जाऊ नये, असं मला वाटलं. आबांच्या वेळी तुम्हालाही असंच वाटलं होतं का? मी तुम्हाला विचारायला हवं होतं. मी नुसती भांडत राहिले.

उद्या पुन्हा तोडणी आहे. उद्याही डहाळी लावणार, दहाव्यापर्यंत लावणार. तुम्ही समोर असतात तर मी ती मुळीच लावली नसती. पदर खोचून भांडले असते, तुम्हाला हरवल्याशिवाय जीपला हलू दिलं नसतं. समोर कुणी नाही, म्हणून तुमचं ऐकावं लागलं. याचा मला तुमच्यावर फार राग आहे, बाई.